पाचवीनंतर मुलीचे नाव कोणत्या शाळेत टाकावे : जवळच्या तीन सरकारी आणि अनुदानित शाळांची तुलना

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावातील शेतकरी पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून पाचवी पास झाली असून गावात पुढचे वर्ग नाहीत. अडीच किलोमीटरवरच्या गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे. तेथे सहावी ते आठवीचा पट २७ आहे. सात किलोमीटरवर बाजाराच्या गावी पाचवी ते दहावीचे अनुदानित विद्यालय आहे. तेथे सेमी इंग्रजी आहे, दहावीचा निकाल ९६ टक्के लागला आहे आणि तेथील शिक्षक एप्रिलपासून दोनदा घरी येऊन गेले आहेत. चौदा किलोमीटरवर तालुक्याच्या ठिकाणी नगर परिषदेची शाळा असून तिची इमारत नवी आहे. गावातून यंदा सहा मुले पाचवी पास झाली आणि प्रत्येक घरी हीच चर्चा चालू आहे. निकाल पाहून शाळा निवडावी का, सेमी घ्यावे का आणि या तीन शाळांची तुलना नेमकी कशाच्या आधारावर करावी, असे त्यांचे विचारणे आहे.

भाऊ, मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत काम केले. आधी सहायक शिक्षक होतो, मग मुख्याध्यापक झालो आणि शेवटची अकरा वर्षे केंद्रप्रमुख म्हणून केंद्रातील सगळ्या शाळांना भेटी देत राहिलो. त्या अनुभवातून सांगतो की सहावी ते आठवीसाठी शाळा निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात आणि बाकी सगळे नंतर पाहावे. गणित-विज्ञान शिकवणारा शिक्षक प्रत्यक्ष वर्गावर आहे का, ही पहिली गोष्ट आहे. तुमची मुलगी वर्षाचे सगळे दिवस वेळेवर त्या वर्गात पोहोचू शकेल का, ही दुसरी आहे. इमारत, रंगरंगोटी, डिजिटल फळा आणि दहावीचा निकाल या गोष्टी डोळ्यांत लवकर भरतात, परंतु सहावीतल्या मुलीच्या वहीत काय उतरते ते त्यांवरून समजत नाही.

पहिली गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल. पाचवीपर्यंत एक गुरुजी किंवा एक मॅडम सगळे विषय शिकवतात आणि त्यात फारसे अडत नाही. सहावीपासून मात्र विषय फुटतात. गणितात ऋण संख्या येतात, अपूर्णांकांवरील क्रिया येतात, समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण आणि शतमान येते, आणि विज्ञान स्वतंत्र विषय म्हणून उभे राहते. म्हणूनच १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वेगळा निकष घातला आहे. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, त्यांच्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, आणि पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. आपल्याकडे यांनाच विषय शिक्षक किंवा पदवीधर शिक्षक म्हणतात. कागदावर ही पदे मंजूर असतात; परंतु पद मंजूर असणे, पद भरलेले असणे आणि त्या पदावरचा माणूस रोज वर्गावर असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मी अशी शाळा पाहिली आहे जिथे फलकावर पाच शिक्षकांची नावे होती, त्यांपैकी एक पंचायत समितीत प्रतिनियुक्तीवर होते, एक मतदार यादीच्या कामात गुंतलेले होते, एक मॅडम प्रसूती रजेवर होत्या, आणि उरलेले दोघे आठ वर्ग सांभाळत होते. त्यात त्या दोघांचा काहीही दोष नव्हता. पण त्या वर्षी त्या शाळेत सातवीचे विज्ञान कोणी शिकवलेच नाही, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून शाळेत गेल्यावर 'शिक्षक किती आहेत' असे विचारू नये. 'सहावीला गणित कोण शिकवतात आणि विज्ञान कोण शिकवतात' असे विचारावे, वेळापत्रकात त्यांच्या तासांपुढे त्यांचेच नाव आहे का ते पाहावे आणि शक्य असल्यास त्यांच्याशी दोन शब्द बोलावे. ते बारावी विज्ञान करून आलेले आहेत की कला शाखेतून येऊन गणिताचा भार उचलत आहेत, हेही विचारायला हरकत नाही. कला शाखेतून येऊन उत्तम गणित शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत, तरी ही चौकशी करावीच. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि त्या क्रमांकावरून शाळेची शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे अशी माहिती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. ती जरूर पाहावी. मात्र ती माहिती शाळेनेच भरलेली असते आणि वर्षातून एकदा भरलेली असते, म्हणून तिच्याकडे चौकशीची सुरुवात म्हणून पाहावे. निर्णय त्यावर घेऊ नये.

आता दहावीच्या निकालाविषयी. विद्यालयाचा ९६ टक्के निकाल खोटा नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. समजा, त्या विद्यालयात दोन वर्षांपूर्वी आठवीला साठ मुले होती, दहावीला पंचेचाळीस बसली आणि त्यांतली त्रेचाळीस पास झाली. तर निकाल ९६ टक्के लागतो, पण मधल्या पंधरा मुलांचे काय झाले हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. काहींनी दुसऱ्या शाळेत नाव टाकले असेल, काही मुली शेतात मजुरीला लागल्या असतील. उलट बाजूही आहे: आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतून सातवी-आठवी करून आलेली मुले त्याच निकालात मोजली जातात, म्हणजे त्या ९६ टक्क्यांतला काही भाग तुमच्या शेजारच्या गावच्या गुरुजींच्या मेहनतीचाही असतो. म्हणून विद्यालयात गेल्यावर निकाल विचारू नका, 'दोन वर्षांपूर्वी आठवीत किती होते आणि यंदा दहावीला किती बसले' एवढेच विचारा. जे मुख्याध्यापक हे दोन आकडे न अडखळता सांगतात, त्यांना आपली मुले ठाऊक असतात, असा माझा अनुभव आहे.

सहावी-सातवीच्या श्रेणींचीही शाळाशाळांत तुलना करता येत नाही. आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन शाळाच करते आणि श्रेणीही शाळाच देते, त्यामुळे एका शाळेतील 'अ-१' आणि दुसऱ्या शाळेतील 'अ-१' या एकाच मापाने मोजलेल्या गोष्टी नसतात. शिवाय पट लहान असला की टक्केवारीला अर्थच उरत नाही. नऊ मुलांच्या वर्गात एक मूल मागे राहिले तरी आकडा अकरा टक्क्यांनी खाली येतो. त्यातल्या त्यात उपयोगाचे माप म्हणजे आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शाळेत एनएमएमएस म्हणतात. ती सरकारी, जिल्हा परिषद, नगर परिषद आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे, म्हणजे तुमच्या तिन्ही शाळा एकाच रांगेत उभ्या राहतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. एका वर्षाचा निकाल पाहू नका. गेल्या पाच वर्षांत किती मुलांना बसवले आणि किती निवडले गेले, हे विचारा. पट सत्तावीसचा असताना दरवर्षी पाच-सहा मुलांना बसवणाऱ्या आणि पाच वर्षांत तीन-चार मुले निवडून आणणाऱ्या शाळेत कोणीतरी एक शिक्षक शाळा सुटल्यावर थांबत असतो, हे नक्की समजावे. मुलांना बसवतच नसतील तर तेही काही सांगून जाते.

तरीही माझ्या मते सगळ्यांत खरी तुलना वहीवरून होते, आणि ती करायला पालक फार शिकलेले असावे लागत नाहीत. तुमच्या किंवा शेजारच्या गावातील जी मुले या तिन्ही शाळांत सध्या सहावी-सातवीत आहेत, त्यांच्या गणिताच्या वह्या संध्याकाळी त्यांच्या घरी बसून पाहा. माझ्या केंद्रातील दोन शाळांत एकाच आठवड्यात मी सहावीच्या वह्या चाळल्या होत्या. दोन्हीकडे तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांच्या बेरजेचे तेच उदाहरण होते, आणि दोन्हीकडच्या मुलींनी वरचे अंक वरच्या अंकांत आणि खालचे खालच्यांत मिळवून ५/७ असे उत्तर लिहिले होते. एका वहीत त्या उत्तरावर लाल शाईची बरोबरची खूण होती आणि पानाच्या तळाशी 'छान' लिहिलेले होते. दुसऱ्या वहीत उत्तर खोडले होते, बाजूला शिक्षकांनी दोन आयत काढून प्रत्येकाचे बारा भाग पाडले होते, आणि त्याखाली मुलीने स्वतःच्या हाताने ९/१२ अधिक ८/१२ म्हणजे १७/१२ असे पुन्हा करून दाखवले होते. पहिल्या शाळेच्या भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या, दुसऱ्या शाळेच्या व्हरांड्याचे दोन पत्रे उडालेले होते. वही तपासली आहे की नाही एवढे पाहून थांबू नका. चूक कुठे सापडली आहे आणि ती मुलाकडून पुन्हा करून घेतली आहे का, ते पाहा. आणि त्या मुलाला एखादे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित द्या, पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगा. सातवीतले मूल हे सहज करत असेल तर त्या शाळेत काम चालू आहे.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे मुलगी रोज पोहोचण्याची. कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवे. आपल्या राज्याच्या नियमांनुसार या वर्गांची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी, म्हणजे शेजारच्या गावची शाळा त्या अंतरात बसते. पण अंतर नकाशावर मोजू नका, पावसाळ्यात मोजा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि लगेच जुलैत नाले भरतात. त्या अडीच किलोमीटरमध्ये नाला असेल आणि त्यावर रपटाच, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा रस्ता, असेल, पूल नसेल, तर गेल्या पावसाळ्यात तिथून किती दिवस मुले जाऊ शकली नाहीत हे त्या वाटेने गेलेल्या मुलांनाच विचारा. दुसरीकडे, विद्यालय सात किलोमीटरवर असले तरी अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे खर्चाचा प्रश्न येत नाही. प्रश्न वेळेचा येतो. सकाळची गाडी शाळा भरल्यावर अर्ध्या तासाने पोहोचत असेल, तर मुलगी रोज पहिला तास गमावते. दोनशे वीस दिवसांत असे एकशे दहा तास होतात, म्हणजे हजार तासांतला नववा भाग. तोच पहिला तास बहुतेक शाळांत गणिताचा असतो. परतीची गाडी संध्याकाळी किती वाजता आहे आणि ती चुकली तर अकरा वर्षांची मुलगी स्टँडवर कोणासोबत थांबेल, याचे उत्तर घरात आधी ठरलेले असावे. मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी आहेत, म्हणून सहावीसाठी त्यांचा हिशेब धरू नका. आठवीनंतर मात्र त्यांचा खरा आधार होतो. मार्चपासून उन्हामुळे शाळा सकाळची भरते, तेव्हा गाडीचे वेळापत्रकही बदलते का, हेही आताच विचारून ठेवा.

पोहोचण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी घराकडूनच घडते, आणि ती मी स्पष्ट लिहितो. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की सहावी-सातवीच्या वर्गात मुलींचे बाक रिकामे होतात. कोणी मुलगी आईसोबत कापूस वेचायला जाते, कोणी घरी लहान भावाला सांभाळते. पूर्व विदर्भात हेच भाताच्या रोवणीच्या दिवसांत घडते. जवळच्या शाळेतील गुरुजी अशा मुलीच्या घरी संध्याकाळी येऊन विचारतात, कारण ते आईवडिलांना ओळखतात. सात किलोमीटरवरच्या विद्यालयात साठ मुलांच्या वर्गातून एक मुलगी आठ दिवस आली नाही हे लक्षात यायलाच वेळ लागतो. शाळेत गेल्यावर गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलींच्या हजेरीविषयी आवर्जून विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. त्यांपैकी कोणी ओळखीचे असेल तर त्यांच्याकडून ही माहिती सरळ मिळेल.

मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल स्वतंत्र लिहिणे मला आवश्यक वाटते. एका शाळेच्या भेटीत मी सातवीतील मुलींना पाणी का पीत नाही असे विचारले, कारण दुपारचे तीन वाजले होते आणि त्यांच्या बाटल्या भरलेल्याच होत्या. एकही मुलगी बोलली नाही. शेवटी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितले की मुलींच्या संडासाला कुलूप असते, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते आणि पुरुष शिक्षकांकडे जाऊन ती मागायला मुली लाजतात, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्या शाळेच्या कागदोपत्री माहितीत मुलींसाठी स्वतंत्र आणि वापरात असलेले स्वच्छतागृह अशीच नोंद होती. आजही मला त्या बाटल्या आठवतात. म्हणून तुमच्यासोबत मुलीच्या आईलाही शाळेत न्या, ते स्वच्छतागृह त्यांनी उघडून पाहावे, आत पाणी आहे का आणि आतून कडी लागते का ते पाहावे. सहावी ते आठवी हीच मुली मोठ्या होण्याची वर्षे आहेत, आणि शाळेत एखाद्या मॅडम असणे या वयात किती गरजेचे आहे ते त्या वयाच्या मुलीची आई जाणते.

शाळेत जाताना दुपारच्या सुट्टीच्या वेळी गेलात तर एका फेरीत बरेच काही दिसते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पोषण आहारात दररोज १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे, आणि ते अनुदानित विद्यालयातही आठवीपर्यंत लागू असते. खिचडीत डाळ दिसते का, मुले बसून पोटभर जेवतात का, शिक्षक त्यांच्यात असतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

सेमी इंग्रजीचा मोह मी समजू शकतो, आणि तो चुकीचा नाही, कारण अकरावी विज्ञानाला गेल्यावर इंग्रजीतील गणित आणि विज्ञान अंगावर येते. परंतु सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून, एवढेच. ते शिकवणाऱ्यांना इंग्रजीतून समजावता येत नसेल तर व्याख्या पाठ होतात आणि गणित हातचे जाते. तुमची मुलगी पाचवीपर्यंत मराठीतून गणित शिकली आहे. तिचा पाया पक्का असेल आणि विद्यालयातील शिक्षक इंग्रजी पान मराठीत उलगडून सांगत असतील, तर सहावीपासून सेमी घेणे तिला झेपेल. तिला अजून भागाकारच अडत असेल, तर आधी भागाकार येऊ द्या. मराठी माध्यमातूनही विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा सोबतच शिकवणारे शिक्षक असतात, आणि अशा शिक्षकांकडे तीन वर्षे काढलेली मुले नववीत गेल्यावर मागे पडलेली मी पाहिली नाहीत.

नगर परिषदेच्या शाळेबद्दल मला फार लिहायचे नाही. चौदा किलोमीटर जाऊन जे मिळेल ते सात किलोमीटरवर मिळत नाही असे दिसले, तरच तिचा विचार करावा. तालुक्याच्या गावी आजी किंवा मावशी राहत असेल आणि मुलगी तिथे राहणार असेल, तर गोष्ट वेगळी आहे. नवोदय विद्यालयाची सहावीची निवड परीक्षा पाचवीतच होते, त्यामुळे यंदापुरती ती वेळ गेली. मात्र नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते, ती ध्यानात ठेवा.

विद्यालयातील शिक्षक घरी येऊन गेले, दप्तर आणि गणवेश देतो म्हणाले, गाडीची सोय करतो म्हणाले, याबद्दल गावात वेगवेगळे बोलले जाते. त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नका. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, त्यालाच संचमान्यता म्हणतात. पट घटला की पद जाते आणि सहकारी अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतो, म्हणून ते उन्हातान्हात दारोदार फिरतात आणि अनेकदा गाडीचे भाडे वर्गणी काढून स्वतःच्या पगारातून भरतात. पण तीच संचमान्यता शेजारच्या गावच्या शाळेलाही लागू आहे, आणि तिथे दारोदार फिरायला माणसे कमी आहेत. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेलेल्या शाळांतील पदे धोक्यात आली आहेत. तिथला पट आज २७ आहे. तुमच्या गावची यंदाची सहा मुले तिकडे गेली तर तो टिकतो. सहाही जण बाजाराच्या गावी गेले आणि वरची आठवी बाहेर पडली, तर एक-दोन वर्षांत तो वीसच्या खाली जाईल, विषय शिक्षकाचे पद जाईल, आणि मग जिला बसने जाणे शक्यच नाही अशा घरच्या मुलीला, उदाहरणार्थ पोळ्यानंतर मजुरीसाठी आईवडील बाहेरगावी जातात आणि आजीजवळ राहते अशा मुलीला, सहावीच उरणार नाही. मोठ्या शहरात एका पालकाच्या निवडीने शाळेचे काही बिघडत नाही. आपल्या भागात सहा घरांच्या निवडीवर एक वर्ग चालतो किंवा बंद पडतो.

याचा अर्थ शाळा वाचवण्यासाठी तुम्ही आपल्या मुलीचे नुकसान करून घ्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच सुचवतो की हा निर्णय सहा घरांनी मिळून घ्यावा. सहाही पालकांनी एकत्र जाऊन शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे, गणित-विज्ञानाचे पद रिकामे असेल तर सहा सह्यांचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पंचायत समितीत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एका पालकाचा अर्ज फाइलमध्ये राहतो, सहा पालक सोबत गेले की किमान तासिकेपुरती, म्हणजे ठरावीक तासांना येणाऱ्या शिक्षकाची, तरी व्यवस्था होते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. सहा मुली-मुलगे एका वाटेने जाणार असतील तर अडीच किलोमीटर चालणेही सोपे होते आणि नाल्याच्या दिवसांत कोणीतरी एक मोठे माणूस रपट्यावर उभे राहण्याची पाळी लावता येते.

तुम्ही माझे मत मागितले आहे, म्हणून ते लपवत नाही. शेजारच्या गावच्या शाळेत गणित-विज्ञानाचे शिक्षक प्रत्यक्ष वर्गावर असतील, वह्यांत चुका दुरुस्त करून घेतलेल्या दिसत असतील आणि मुलींचे स्वच्छतागृह उघडे असेल, तर मी माझ्या नातीचे नाव तीन वर्षांसाठी तिथेच टाकीन आणि नववीला तिला विद्यालयात पाठवीन. तोपर्यंत ती चौदा वर्षांची होईल, तिला निळी गाडी मिळेल आणि बसचा प्रवास तिला स्वतःला निभावता येईल. नववीला नव्या शाळेत जाऊन पुन्हा बसण्याचा त्रास तिला होईल हे खरे आहे, आणि याच वळणावर काही घरे मुलींचे शिक्षण थांबवतात हेही खरे आहे. तुमच्या घरात तसे घडण्याची थोडीही शक्यता वाटत असेल, आजोबा किंवा काका 'आठवी झाली, आता पुरे' म्हणतील अशी शंका असेल, तर माझे मत बदलते: मग आताच विद्यालयात नाव टाका, म्हणजे दहावीपर्यंत पुन्हा कोणाला विचारण्याची वेळ येणार नाही. आणि जिल्हा परिषद शाळेत गणिताचे पद रिकामे असेल व अर्ज देऊनही शाळा उघडल्यावर महिनाभरात काही हालले नाही, तरीही विद्यालयच बरे.

घाईने काही ठरवू नका. आता मे महिन्यात शाळा बंद आहेत आणि बंद शाळा पाहून काही समजत नाही. वह्या मात्र सुट्टीतही घरोघरी असतात, त्या आता पाहून घ्या. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही शाळांना एकेक दिवस भेट द्या, एकदा न सांगता जा आणि सोमवार किंवा बाजाराचा दिवस निवडा, कारण त्या दिवशी किती मुले आणि किती शिक्षक आहेत ते खरे दिसते. मुलीलाही सोबत न्या आणि परत येताना तिला काय वाटले ते विचारा. नाव टाकल्यावर चूक झाली असे वाटले तरी वाट बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकांनी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ताबडतोब द्यायची असते. टीसीला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही, आणि वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. टीसी देताना कोणी मागची वर्गणी किंवा 'शाळा विकास निधी' मागितला तर तो देऊ नका, लेखी मागणी करा म्हणावे. गावच्या शाळेतून पाचवीची टीसी काढताना जन्मतारीख, जात आणि आईचे नाव दाखल-खारीज रजिस्टरप्रमाणे आणि आधारप्रमाणे सारखेच लिहिले आहे का, ते तिथेच उभे राहून वाचून घ्या. हीच नोंद पुढे शिष्यवृत्तीच्या आणि जात पडताळणीच्या कागदांना लागते, आणि ती दुरुस्त करायला आज एक दिवस लागतो, दहावीनंतर अनेक महिने लागतात.